गाठीचा वेग

हिवाळ्याच्या पहाटे पाच वाजता परसवाड्यात कोणी पाहुणा जागा झाला, तर त्याला प्रथम ऐकू येतात ती धावणारी पावले. बालाघाटहून घाट चढून या पठारावर आले की थंडी झोंबू लागते. धानाची कापणी उरकलेली असते, बांधांवर धुके बसलेले असते, आणि त्या धुक्यातून दोघा-तिघांच्या टोळ्यांनी मुले सडकेवरून जात असतात. ती हौसेने धावत नाहीत. कुणाला सैन्यात जायचे आहे, कुणाला पोलिसात, कुणाला वनविभागात. गोंड, बैगा, पोवार, लोधी अशा सर्व घरांतली ही मुले. आपल्यासारख्या जुन्या मराठी घरांतलीही एखाद-दोन. जमीन थोडी, खाणारी तोंडे पुष्कळ, आणि उकव्याची मँगनीजची खाण काही सगळ्यांना पोटाशी घेऊ शकत नाही. तेव्हा नोकरीचा जो दरवाजा त्यांच्यासाठी किलकिला होतो, तो धावूनच गाठावा लागतो.

मी काही क्रीडाशिक्षक नव्हे. आयुष्यभर मुलांना गणित शिकवले. पण निवृत्त माणसाला पहाटे झोप नसते, आणि माझ्याजवळ एक चांगले स्टॉपवॉच होते. एवढ्या भांडवलावर मी मैदानाच्या कडेला उभा राहू लागलो आणि हळूहळू मुलांचा ‘गुरुजी’ झालो. त्या गुरुपणातली एक चूक गेली काही वर्षे माझ्या मनात सलते आहे. ती आज या पानांवर उतरवून ठेवतो.

धावण्याचे जे काही मला ठाऊक होते, ते वाचनातून आलेले. एमिल झाटोपेकने १९५२ साली हेलसिंकीला पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. सरावात तो चारशे मीटरच्या चाळीस-चाळीस धावा काढत असे. रॉजर बॅनिस्टरने ६ मे १९५४ रोजी एक मैलाचे अंतर ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत कापले. त्याआधीच्या हिवाळ्यात तो दोन-दोन मिनिटांच्या विश्रांतीने पाव मैलाच्या दहा धावा काढी आणि दर धावेची वेळ हळूहळू खाली आणी. त्याही आधी जर्मनीत वोल्डेमार गेर्शलर या प्रशिक्षकाने, पुढे हृदयतज्ज्ञ हान्स राइन्डेल यांच्या साथीने, या पद्धतीला शास्त्राची बैठक दिली. त्याचा शिष्य रुडोल्फ हार्बिग १९३९ साली आठशे मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. थोडे वेगाने धावायचे, थोडे थांबायचे, पुन्हा धावायचे. इंग्रजीतल्या ‘इंटरव्हल’ या शब्दाचा अर्थ मधली उसंत, आणि नाव पडले ते त्या उसंतीवरून, हे मला विशेष आवडले होते.

मी माझ्या मुलांसाठी एक नियम बसवला: दोनशे मीटरच्या दहा धावा, प्रत्येक ३३ सेकंदांत, मध्ये दीड मिनिट विश्रांती. सर्वांना एकच नियम. शिक्षकाने भेदभाव करू नये, हे मी आयुष्यभर मानत आलो. मैदानावर तरी का करावा?

२०१६ सालच्या हिवाळ्यात माझ्याकडे दोन मुले होती. दोघेही एकाच वयाचे, एकाच पाड्यावरचे. दोघांना मी पाच मिनिटे सलग धावायला लावले, तेव्हा दोघांनीही जवळजवळ बरोबर १५०० मीटर अंतर कापले. माझ्या वहीत दोघांच्या नावापुढे एकच आकडा पडला. म्हणजे दोघे बरोबरीचे, असे मी धरून चाललो. परंतु दोनशे मीटरच्या धावा सुरू झाल्या की पहिला दहाच्या दहा धावा हसत-खेळत पुऱ्या करी आणि दुसरा चौथ्या धावेला कोसळे. गुडघ्यांवर हात टेकून उभा राही, कधी ओकारी काढी. मी त्याला समजावले, मग रागावलो. ‘पाच मिनिटांच्या धावेत तू त्याच्या खांद्याला खांदा लावून येतोस, मग इथेच काय होते? अंग चोरतोस!’ हे वाक्य मी सर्व मुलांसमोर उच्चारले. तो काही बोलला नाही. आणखी दोन दिवस आला. दुसऱ्या दिवशी सहाव्या धावेनंतर एवढेच म्हणाला, ‘गुरुजी, अब नहीं होता.’ तिसऱ्या दिवसापासून त्याची पावले ऐकू येईनाशी झाली.

मला वाईट वाटले, पण तेवढेच. मैदानावरून मुले येतात, जातात.

या गोष्टीची दुसरी बाजू मला कळली ती २०२१ सालच्या हिवाळ्यात. माझी भाची नागपूरला शारीरिक शिक्षणाचे शिक्षण घेत होती. चार दिवस आमच्याकडे राहायला आली. थंडीत शेकोटीजवळ बसून ती माझ्या जुन्या वह्या चाळत होती. या दोघांच्या पानावर थांबून तिने विचारले, ‘मामा, दोघांचा श्वास सारखा आहे हे दिसतेच आहे. पण यांच्या पायांचा वेग किती होता?’

मला प्रश्नच कळला नाही. मग तिने पाटी-पेन्सिल घेतल्यासारखे मलाच शिकवले. गणिताच्या मास्तराला ते समजायला वेळ लागला नाही. लाज वाटायला मात्र पुष्कळ वेळ पुरला.

तिने सांगितलेले सार असे. प्रत्येक धावणाऱ्या माणसाचे दोन वेग असतात. आपण वेग वाढवत गेलो की शरीर अधिकाधिक प्राणवायू वापरू लागते. पण या वापराला एक कमाल मर्यादा आहे. इंग्लंडचे नोबेलविजेते शरीरशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९२० च्या दशकातच ही मर्यादा दाखवली होती. ज्या वेगाला ही मर्यादा गाठली जाते, त्याला आपण सोयीसाठी ‘श्वासाचा वेग’ म्हणू. जेमतेम पाच-सहा मिनिटे टिकणारा हा वेग असतो. म्हणून पाच मिनिटांच्या धावेतून तो बऱ्यापैकी कळतो. पण माणूस याहूनही वेगाने धावू शकतो, थोडा वेळ. तिथे लागणारी वरची शक्ती प्राणवायूवाचून, स्नायूंतल्या साठ्यातून निघते, आणि तो साठा लवकर सरतो. असे करत करत जो अगदी शेवटचा, दोन-चार सेकंदांचाच वेग असतो, तो ‘पायांचा वेग’. या दोन वेगांमधले जे अंतर, त्याला शास्त्रात ‘अनएरोबिक स्पीड रिझर्व्ह’ म्हणतात. मी त्याला आपल्या भाषेत ‘गाठीचा वेग’ म्हणू लागलो. कारण तो रोजच्या खर्चाचा नाही, गाठीला बांधून ठेवलेला आहे.

मग आम्ही वहीतले आकडे मांडले. पाच मिनिटांत १५०० मीटर म्हणजे श्वासाचा वेग सेकंदाला ५ मीटर, दोघांचाही तोच. सुदैवाने दोघांची शंभर मीटरची वेळही मी एकदा टिपलेली होती. पहिल्याची १२.८ सेकंद, दुसऱ्याची १५.४. शंभर मीटरच्या वेळेवरून पायांचा वेग नेमका निघत नाही, पण अंदाज बांधता येतो: पहिल्याचा सेकंदाला सुमारे ८.७ मीटर, दुसऱ्याचा सुमारे ७. म्हणजे पहिल्याच्या गाठीला ३.७ मीटर, दुसऱ्याच्या २ मीटर. आता माझा नियम पाहा. दोनशे मीटर ३३ सेकंदांत म्हणजे सेकंदाला ६ मीटर. दोघांच्याही श्वासाच्या वेगापेक्षा एक मीटर जास्त. हा एक मीटर पहिल्याच्या गाठीतला पावभराहून थोडा अधिक होता. दुसऱ्याच्या गाठीतला तो थेट अर्धा होता.

माझी आजी एक गोष्ट सांगे. आमचे पूर्वज मालगुजारीच्या काळात हिशेबनीस म्हणून घाटावर आले. गावजेवणासाठी प्रत्येक घराकडून पायलीभर धान मागायची तेव्हा पद्धत होती. मागणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांना सारखाच न्याय. ‘पण अरे,’ आजी म्हणे, ‘एकाच्या कोठीत खंडीभर धान असते आणि दुसऱ्याच्या कोठीत दोन पायल्या. पायली सारखी, पण खळगा सारखा पडत नाही.’ लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मैदानावर उभे असताना मला एकदाही आठवली नाही.

भाचीने पुढचेही सांगितले. २००१ साली फ्रान्समध्ये ब्लॉन्डेल, व्हेरोनिक बिला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले, की श्वासाच्या वेगापलीकडच्या धावेत माणूस किती वेळ टिकेल, हे केवळ त्या वेगाच्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. त्यासाठी पायांचा वेगही हिशेबात धरावा लागतो. २००३ साली अमेरिकेत बंडल, हॉइट आणि वेयंड यांनी तर एक सूत्रच मांडले. काही सेकंदांपासून चार मिनिटांपर्यंतच्या कोणत्याही जोरदार धावेचा वेग या दोन वेगांवरून वर्तवता येतो. आणि धाव जसजशी लांबते, तसतसा गाठीतला वापरता येणारा हिस्सा सर्वांच्या बाबतीत जवळपास एकाच दराने घटत जातो. सुमारे त्रेपन्न सेकंदांच्या धावेत गाठीतला अर्धा वेग वापरता येतो, त्याच्या दुप्पट वेळात पाव.

हे सूत्र मी त्या रात्री कागदावर सोडवले. सेकंदाला ६ मीटर या वेगाने पहिला मुलगा सुमारे शंभर सेकंद टिकू शकला असता. दुसरा जेमतेम त्रेपन्न. माझ्या ३३ सेकंदांच्या धावेत पहिला आपल्या ताकदीचा एक तृतीयांश खर्चत होता, दुसरा जवळजवळ दोन तृतीयांश; आणि तेही दीड मिनिटाच्या विश्रांतीने दहा वेळा. त्याने जिवाच्या कराराने एकच दोनशे मीटर काढले असते, तर सूत्राप्रमाणे त्याला ३१ ते ३२ सेकंद लागले असते. मी त्याच्याकडे रोज दहा वेळा जवळजवळ त्याची सर्वोत्तम धाव मागत होतो. आणि तो सहापर्यंत पोचला होता! अंग चोरणारा तो नव्हता. त्या मैदानावर सर्वांत जास्त अंग झिजवणारा तोच होता.

याहून कडू गोष्ट नंतर ध्यानात आली. तो पोलिस शिपायाच्या भरतीची तयारी करत होता. त्या वेळी आमच्या राज्यात पुरुष उमेदवारांना आठशे मीटर २ मिनिटे ४५ सेकंदांत पुरे करावे लागत. हिशेब केला तर हा वेग सेकंदाला ४.८५ मीटर येतो. म्हणजे त्याच्या श्वासाच्या वेगाहूनही कमी! त्या परीक्षेला त्याच्या गाठीतला एक दाणाही लागणार नव्हता. सूत्राप्रमाणे त्याने आठशे मीटर अडीच मिनिटांच्या आसपास काढले असते; आणि ज्याला मी त्याच्यासमोर आदर्श म्हणून उभे केले होते, तो त्याच्या फार तर आठ सेकंद पुढे असता. दोघेही उत्तीर्ण. जे जिंकायला त्याला मैदानावर येण्याचीही फारशी गरज नव्हती, त्यापासून मी त्याला मैदानावर आणून परावृत्त केले.

योगायोग असा, की २०२२ पासूनच्या अग्निवीर भरतीत सोळाशे मीटरसाठी पूर्ण गुणांची मर्यादा साडेपाच मिनिटांची ठरली, तिचाही वेग ४.८५ च येतो. सीमेपलीकडे गोंदियाला महाराष्ट्र पोलिसांच्या भरतीत मात्र पुरुषांना सोळाशे मीटर आणि शंभर मीटर अशा दोन्ही धावा द्याव्या लागतात. मुलींना आठशे आणि शंभर. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर एक धाव श्वासाची आणि एक पायांची. तिथे जाऊ पाहणाऱ्या मुलाची गाठ मोजल्यावाचून त्याला सराव देणे म्हणजे कोठीत न डोकावता पेरणीचे धान ठरवण्यासारखे आहे.

मोठ्या मैदानांवरही हेच दिसते. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये क्युबाच्या आल्बेर्तो हुआन्तोरेनाने आठशे मीटर १ मिनिट ४३.५० सेकंदांत जिंकले आणि चारशे मीटरचे सुवर्णपदकही घेतले. त्या आठशे मीटरच्या अंतिम शर्यतीत सुरुवातीला आघाडीवर होते आपले श्रीराम सिंह; ते सातवे आले, पण त्यांची १ मिनिट ४५.७७ सेकंदांची वेळ २०१८ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षे, राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. आता याच्या उलट न्यूझीलंडचा पीटर स्नेल पाहा. १९६४ साली टोकियोला त्याने आठशे मीटर जिंकले आणि सोबत जिंकले ते पंधराशे मीटर. आर्थर लिडियार्डच्या हाताखाली तो बावीस-बावीस मैलांच्या डोंगराळ धावांवर वाढला होता. एकच शर्यत, एकच सुवर्णपदक. पण एक जण त्या रेषेवर पायांकडून आला आणि दुसरा श्वासाकडून. न्यूझीलंडमध्ये संशोधन केलेल्या गॅरेथ सॅन्डफर्ड आणि सहकाऱ्यांनी अलीकडे आठशे मीटरच्या अव्वल धावपटूंचे असेच तीन गट मांडले: चारशेकडे झुकणारे, निव्वळ आठशेचे आणि पंधराशेकडे झुकणारे. तिघांना एकच सराव दिला तर निदान दोघांवर अन्याय होतो.

आपल्या अविनाश साबळेचे उदाहरण मी मुलांना नेहमी सांगतो. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे त्याचे गाव. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. त्या रेजिमेंटचे केंद्र आपल्या सागरला आहे. सियाचिनच्या बर्फात राहिला आणि २०१५ नंतर कुठे धावपटू म्हणून पुढे आला. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक घेतले. सुवर्ण हुकले ते ०.०५ सेकंदाने. आठ मिनिटे श्वासाने धावून झाल्यावर निकाल लागला तो शेवटच्या काही पावलांत. श्वासाच्या शर्यतीतही शेवटी गाठीला काही उरले असावे लागते, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. पुढे २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्याने ही वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत खाली आणली.

आता आमच्या मैदानावरची पद्धत बदलली आहे. नवीन मूल आले की दोन दिवसांत दोन मापे घेतो. एके दिवशी पाच मिनिटांची धाव. दुसऱ्या दिवशी, अंग चांगले तापल्यावर, चाळीस मीटरची धाव घेऊन पुढचे वीस मीटर पूर्ण जोराने. या वीस मीटरना अडीच सेकंदांच्या आसपास लागतात. तिथे अंगठ्याची दोन दशांश सेकंदाची चूकही फार मोठी ठरते, म्हणून स्टॉपवॉच खिशात ठेवून मोबाइलवर संथ गतीचे चित्रण करतो आणि तीन धावांतली उत्तम धरतो. मग प्रत्येकाच्या श्वासाच्या वेगात त्याच्या गाठीचा ठरावीक हिस्सा मिळवून त्याची वेळ काढतो. अर्धी गाठ वापरायची ठरवली, तर त्या दोन मुलांपैकी पहिल्याने दोनशे मीटर २९ सेकंदांत काढायला हवे होते आणि दुसऱ्याने ३३ मध्ये. तेही दहा वेळा नव्हे, तीन-चार वेळा, आणि पुरेशा विश्रांतीने. घड्याळ वेगळे, कष्ट सारखे.

हे रामबाण नाही, हेही मुलांना सांगतो. दोन धावांच्या मध्ये कोण किती लवकर सावरतो, हे या मापातून कळत नाही. आदल्या रात्री ज्याने घरच्या खळ्यावर काम केले, त्याची गाठ सकाळी अर्धी रिकामीच असते. आणि गाठ ही जन्माची शिक्षाही नव्हे. ताज्या पायांनी केलेल्या छोट्या वेगवान धावा, चढावरच्या धावा, उड्या यांनी पायांचा वेग थोडाफार वाढतो. सावकाश, पण वाढतो. माप कशासाठी, तर मुलाला त्याची जागा दाखवण्यासाठी नव्हे, त्याच्या जागेपासून त्याला पुढे नेण्यासाठी.

आपल्या या जुन्या मराठी घरांतून मी हीच चूक दुसऱ्या रूपात केलेली पाहिली आहे, स्वतःही केली आहे. १९५६ साली विदर्भ तिकडे गेला, आपण इकडे राहिलो. मुलांच्या तोंडी शाळेतली हिंदी आली. कुणाच्या घरी आजी होती, पुस्तके होती. कुणाच्या घरी दोन्हीही नव्हते. गणेशोत्सवात मात्र सर्वांना एकाच व्यासपीठावर उभे करून आपण शुद्ध मराठी मागितले, आणि जे अडखळले त्यांना आस्था नाही असे म्हणून मोकळे झालो. त्यांच्या गाठीला किती होते, आणि त्यातले किती ते खर्चत होते, हे कोणी विचारले नाही.

२०२३ साली बाजाराच्या दिवशी तो मुलगा मला भेटला. आता त्याला मुलगा म्हणू नये. बांधकामावर नागपूरला जातो, लग्न झाले आहे. भरतीचे वय अजून उलटलेले नव्हते, पण वडील गेल्यापासून घर त्याच्या खांद्यावर होते. भाजीच्या पालांमध्ये उभे राहून मी त्याला सगळा हिशेब सांगितला. आकडे त्याला कितपत कळले कोण जाणे. पण ‘चूक माझी होती, तुझी नव्हे’ हे मी दोनदा म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग हिंदीत म्हणाला, की इतकी वर्षे त्याला आपणच कमजोर आहोत असे वाटत होते. म्हणून त्याने पुन्हा भरतीचा अर्जच भरला नाही.

नोकरी गेली, हे नुकसान मोजता येते. पण एका मजबूत मुलाने सात वर्षे स्वतःला दुबळे समजावे, याचे माप माझ्याजवळ नाही. मी क्षमा मागितली. त्याने वाकून नमस्कार केला आणि पिशवी उचलून निघाला. चार पावले गेल्यावर वळून म्हणाला, ‘गुरुजी, धाकटी बहीण बारावीला आहे. पाठवू का?’

ती आता येते. पहिल्या दिवशी तिचे नाव वहीत लिहिताना मी त्यापुढे दोन रकाने आखले.